अरगटाची बखर

कोंबड्याच्या पायामागे एक वाकडा, टोकदार काटा असतो. झुंजीत तो प्रतिस्पर्ध्याला ओरबाडतो ते त्यानेच. फ्रेंच भाषेत या काट्याला ‘एर्गो’ म्हणतात. लिहिताना शेवटी ‘ट’ असतो, बोलताना तो गळतो. राय नावाच्या युरोपीय धान्याच्या कणसात (आपल्या फोडणीतल्या राईशी तिचे काही नाते नाही) कधी कधी दाण्याच्या जागी एक जांभळट काळा, किंचित वाकलेला, टणक तुकडा येतो. तो दाण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असल्यामुळे कणसाबाहेर डोकावतो. मोडला तर आत पांढुरका निघतो. फ्रेंच शेतकऱ्याला त्यात कोंबड्याचा काटा दिसला आणि त्याने तेच नाव ठेवले. इंग्रजीने सतराव्या शतकात हा शब्द उचलला, शेवटचा ‘ट’ उच्चारात आणला, आणि शेतीच्या पुस्तकांतून तो मराठीत उतरला तो ‘अरगट’ होऊन. बाजरीवर अरगट पडला असे आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी मध्ययुगीन फ्रान्समधल्या कोंबड्याची एक खूण असते.

नाव फक्त आकार पाहून पडले होते, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. तो तुकडा काय आहे, कुठून येतो, खाल्ला तर काय होते, यांपैकी काहीच त्या नावात नव्हते. इतर भाषांचेही तसेच. फ्रान्समध्ये अशा धान्याला शिंगवाले धान्यही म्हणत. औषधविक्रेत्यांच्या लॅटिनमधले नावही ‘शिंगाळ राय’ याच अर्थाचे होते. सोळाव्या शतकातल्या वनस्पतिग्रंथांत त्याला खिळ्याची उपमा आहे. जर्मनांनी त्याला ‘मुटरकोर्न’, म्हणजे मातेचे धान्य म्हटले. सर्वांत चमत्कारिक नाव रशियन: ‘स्पोरिन्या’. या शब्दाचा मूळ अर्थ बरकत, भरभराट असा. कणीक मळणाऱ्या बाईला ‘बरकत होवो’ म्हणून शुभेच्छा देताना हाच शब्द वापरत. ज्या काळ्या तुकड्याने घरेच्या घरे उजाड होऊ शकत होती, त्याला रशियन खेड्याने लक्ष्मीचे नाव दिले होते.

विषाची कहाणी मात्र या नावांपासून फार काळ वेगळीच चालली होती.

राइनकाठच्या क्सांटेन गावच्या इतिवृत्तात ८५७ सालाची एक नोंद आहे. लोकांच्या अंगावर फोड उठले, मांस सडले आणि मरण्यापूर्वी हातपाय गळून पडले, असे तीत म्हटले आहे. ९४५ साली पॅरिसच्या परिसरात अशीच साथ आली. रांसचा पाद्री फ्लोदोआर याने लिहून ठेवले आहे की, अंगात आग पेटलेले रोगी नोत्र-दामच्या देवळात जमले आणि ड्यूक ह्यूने त्यांच्या रोजच्या जेवणाची सोय केली. बरे वाटलेले काही जण घरी परतले, तेव्हा आग पुन्हा भडकली. देवळात परत आल्यावर ती शमली. फ्लोदोआरला यात देवाची कृपा दिसली. आजच्या डॉक्टरला ड्यूकच्या कोठारातली भाकरी आणि घरची भाकरी यांतला फरक दिसेल.

या रोगाला तेव्हा ‘पवित्र अग्नी’ म्हणत. हे लॅटिन नाव रोमन काळापासूनचे. मूळ अर्थ त्वचेचे लाल, जळजळणारे विकार असा, आणि त्यातल्या ‘साकेर’ या विशेषणात पवित्र आणि शापित हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘देवी आल्या’ असे म्हणताना आपणही रोग आणि दैवत यांना एकच नाव दिले होते, आणि कोप ज्याचा त्याच्याकडेच उतारा मागितला होता. युरोपात हा मान संत अँथनीकडे गेला. आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांतात या संताच्या अस्थी असल्याची श्रद्धा होती. तिथे अकराव्या शतकाच्या शेवटी, १०९५ च्या सुमारास, रोग्यांची सेवा करणारा अँथनीपंथ उभा राहिला. त्याच्या साधूंच्या काळ्या झग्यावर निळ्या रंगात ग्रीक ‘टाउ’, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची खूण असे. रोगाचे नाव आता ‘संत अँथनीची आग’ झाले.

पंथाची इस्पितळे युरोपभर पसरली, शेकड्यांनी. तिथे रोग्यांना चांगली भाकरी मिळे, अस्थींवरून ओतलेला द्राक्षरस प्यायला मिळे, डुकराच्या चरबीत कालवलेली मलमे लावली जात आणि सडलेला अवयव कापलाही जाई. या पंथाची डुकरे गळ्यात घंटा बांधून गावात मोकळी हिंडत. आल्सासमधल्या इझेनहाइमच्या मठासाठी मॅथियास ग्रुनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेले प्रचंड वेदीचित्र आज कोलमारच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या एका फळीवर संत अँथनीला राक्षस छळत आहेत. खालच्या कोपऱ्यात एक जीव पडला आहे: पोट फुगलेले, कातडी फोडांनी भरलेली, हात झडत चाललेला, पाय बेडकासारखे पातळ पडद्यांचे. इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याला आधी या चित्रासमोर आणत, असे कलेचे इतिहासकार सांगतात. त्या कोपऱ्यात त्याला स्वतःचेच अंग दिसत असणार.

रोगाचे दोन चेहरे होते. फ्रान्सच्या बाजूला हातापायांच्या बोटांपासून सुरुवात होई. आधी मुंग्या, मग आगीसारखी वेदना, मग अवयव बर्फासारखा गार, काळा आणि कोरडा. शेवटी तो सांध्यातून गळून पडे, तेही बहुधा रक्ताचा थेंब न सांडता. राइनच्या पूर्वेला, जर्मन मुलखात, झटके येत, हात आतल्या बाजूला वळत, भ्रम होई. जर्मनांनी त्याला मुंग्यांचा रोग असे नाव दिले होते. हे दोन्ही एकाच कारणाचे परिणाम आहेत हे कळायला फार वेळ गेला, कारण इथे संत वेगळा, तिथे नाव वेगळे. आणि कणसातल्या काळ्या काट्याला तर तिसरेच नाव होते.

दोन्ही टोके जुळू लागली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १५९६ साली हेस प्रांतात झटक्यांची साथ आली. पुढच्याच वर्षी मारबुर्ग विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने खराब धान्याच्या भाकरीकडे बोट दाखवले. फ्रान्समध्ये १६३० च्या सुमारास थ्युइये नावाच्या वैद्याने काळे दाणे कोंबड्यांना खाऊ घालून पाहिले. १६७६ साली दनी दोदार याने पॅरिसच्या राजमान्य विज्ञान अकादमीला कळवले की, सोलोन्य भागात माणसांचे हातपाय सडतात त्याचे कारण ही काटेरी राय आहे. त्याने शेतकऱ्यांना धान्य चाळून घ्यायला सांगितले.

शेतकऱ्याला हे पटवणे सोपे नव्हते. सोलोन्यची जमीन दलदलीची, माणसे गरीब, आणि गहू पिकत नाही तिथे राय हेच पोटाचे साधन. पावसाळी, थंड वर्षी काळे काटे जास्त येत, आणि नेमके त्याच वर्षी एकूण पीक कमी असे. चाळून टाकायचे तर खायचे काय? नवे धान्य हाती आल्या आल्या दळले जाई, म्हणून साथी बहुधा सुगीनंतर लगेच उठत. काही जणांना तो काटा म्हणजे ओलाव्याने बिघडलेला रायचाच दाणा वाटे. ही समजूत एकोणिसाव्या शतकातही पुरती गेली नव्हती. १८५३ साली लुई-रने तुलान याने बुरशीचे सगळे जीवनचक्र मांडले तेव्हा वाद मिटला. जमिनीवर पडलेला काटा हिवाळाभर निजतो. वसंतात त्यातून टाचणीसारख्या डोक्याच्या दांड्या फुटतात. त्यांतले बीजाणू वाऱ्याने फुलोऱ्यात जातात. फुलातून मधासारखा चिकट स्राव गळतो, त्यावर माश्या येतात आणि रोग शेतभर नेतात, आणि दाण्याच्या जागी पुन्हा काटा तयार होतो. या बुरशीचे शास्त्रीय नाव ‘क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया’, म्हणजे गदेसारख्या डोक्याची, जांभळट. इथेही नाव आकाराचेच राहिले.

कारण कळले, तेव्हा रोगालाही काट्यावरूनच नाव पडले: ‘एर्गोटिझम’, मराठीत अरगटाची विषबाधा. इंग्रजीत या अर्थाने तो शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. गंमत अशी की, हुबेहूब याच रूपाचा दुसरा शब्द युरोपात त्याआधीच नांदत होता. लॅटिन ‘एर्गो’ म्हणजे ‘म्हणून’, ‘अर्थात’. विद्यापीठांतले पंडित वादात पावलोपावली हा शब्द पेरीत. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘एर्गोते’ हे क्रियापद तयार झाले: शब्दांचा कीस काढणे, वितंडवाद घालणे. त्याचे नाम ‘एर्गोतिस्म’. सोळाव्या शतकात मिशेल द मोंतेन याने मुलांच्या शिक्षणावर लिहिताना अशाच वितंडवाद्यांवर हा शब्द फेकला आहे. मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत आजही ही जोडी दोन स्वतंत्र नोंदींत दिलेली असते: एक शब्द लॅटिनमधून आलेला, तर्कटाचा, दुसरा कोंबड्याच्या पायातून आलेला, विषाचा. फ्रेंच कानाला मात्र दोन्ही एकच ऐकू येत, आणि भांडायला उठलेल्या माणसाविषयी ‘तो आपल्या काट्यांवर उभा राहिला’ असा वाक्प्रचारही त्या भाषेत आहे. ‘एर्गोनॉमिक्स’ या हल्लीच्या कचेऱ्यांतल्या शब्दाचा या दोघांशीही संबंध नाही. तो ग्रीक ‘एर्गोन’ म्हणजे ‘काम’ यावरून आला.

विषाच्या या शब्दाला औषधांच्या दुकानात मोठा वंशविस्तार लाभला. काटा गर्भाशयाला कळा आणतो हे सुइणींना आधीपासून ठाऊक होते. १५८२ साली आडाम लोनित्सर याच्या वनस्पतिग्रंथात त्याची नोंद आहे. अमेरिकेत जॉन स्टर्न्स याने १८०८ साली प्रसूती लवकर करणारी पूड म्हणून डॉक्टरांपुढे तिची शिफारस केली. पण मात्रा मोजता येत नसे. मुले मृत जन्मू लागली, गर्भाशय फाटू लागले. तेव्हा डेव्हिड होझॅक याने तिला मरणाची पूड म्हणावे असे सुचवले आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यापुरताच तिचा वापर ठेवावा असे बजावले. तो सल्ला टिकला. १९१८ साली आर्थर श्टोल याने एर्गोटामाइन वेगळे केले, जे पुढे अर्धशिशीवर वापरात आले. १९३५ साली एर्गोमेट्रिन मिळाले. त्याचेच भावंड असलेले ‘मेथर्जिन’ भारतातल्या प्रसूतिगृहांत बाळंतिणीचा रक्तस्राव आटोक्यात आणण्यासाठी वापरले जाते. या नावातला ‘अर्ज’ म्हणजे तोच कोंबड्याचा काटा.

‘लायसर्जिक’ आम्लाच्या नावातही तो आहे: अरगटातले द्रव्य फोडून मिळाले म्हणून हे नाव. त्या आम्लापासून आल्बर्ट हॉफमान याने १९३८ साली बाझेलमध्ये एलएसडी हे भ्रम पाडणारे द्रव्य बनवले. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याने ते स्वतः घेतले आणि तो कसाबसा सायकलवरून घरी पोहोचला. आणखी एक नातलग आपल्या रोजच्या जवळचा आहे. बुरशीच्या पेशींच्या आवरणात असणारे ‘एर्गोस्टेरॉल’ प्रथम अरगटातून काढले गेले, म्हणून त्याचे ते नाव. त्यावर अतिनील किरण पाडले की ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार मिळतो, आणि बुरशीवरची बरीचशी औषधे याच द्रव्याला लक्ष्य करतात.

रोग दुर्मीळ होत गेला तसा शब्द मात्र सैल होत गेला. गूढ साथ दिसली की अरगटाचे नाव घ्यायची सवय लागली. १६९२ साली अमेरिकेत सेलम गावी चेटकिणी म्हणून निरपराध माणसांना फाशी दिले गेले. ज्या मुलींच्या झटक्यांवरून हे आरोप झाले, त्यांचे झटके रायमधल्या अरगटाचे होते, असे लिंडा कॅपोरेल यांनी १९७६ साली मांडले. त्याच वर्षी इतर संशोधकांनी ती लक्षणे या विषबाधेशी जुळत नाहीत असे उत्तर दिले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पाँ-सँ-तेस्प्री गावात एका बेकरीचा पाव खाऊन माणसे भ्रमिष्ट झाली, काही मेली. पहिले नाव निघाले ते अरगटाचेच, पण खरे कारण काय यावर नंतर वाद झाले आणि ते आजवर मिटलेले नाहीत.

हीच सावधगिरी महाराष्ट्रात हवी. १९५६ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्यात, साताऱ्याकडे, बाजरीवर अरगट मोठ्या प्रमाणावर दिसला. भिडे आणि हेगडे यांनी १९५७ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. राज्याच्या दक्षिण भागात रोगट बाजरीच्या भाकऱ्या खाऊन माणसे आजारी पडली. पटेल, बोमन आणि दलाल या डॉक्टरांनी १९५८ साली त्या साथीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे १९७५ साली पश्चिम भारतात पुन्हा अशी विषबाधा झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि रमेश भट यांनी तिचा अभ्यास केला. ७८ जण आजारी पडले होते. भाकरी खाल्ल्यावर थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी. एक-दोन दिवसांत माणूस बरा. कुणाचा हात काळा पडला नाही, कुणाचे बोट गळले नाही.

कारण बाजरीवरची बुरशी वेगळी. आधी तिला रायवरच्या बुरशीच्या जवळपासच्या नावाने ओळखत. १९६७ साली लव्हलेस याने तिला ‘क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस’ हे स्वतंत्र नाव दिले. तिच्यातली विषे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एर्गोटामाइनच्या जातीची नाहीत. त्यांचा मारा पोटावर आणि डोक्यावर होतो. म्हणजे आपण युरोपचा शब्द घेतला खरा, पण त्याबरोबर येणारी गळालेल्या हातापायांची भीती आपल्या बाजरीला लागू पडत नाही. म्हणून काही रोग क्षुल्लक ठरत नाही. दिवसभर राबणाऱ्या घरात सगळ्यांनाच एकदम उलट्या सुरू झाल्या की काय होते, हे वेगळे सांगायला नको.

साठच्या दशकात संकरित बाजरी आली तेव्हा अरगटाचे फावले. ही बुरशी बाजरीच्या फुलात शिरते ती परागकण पोचण्याआधी, स्त्रीकेसराच्या वाटेने. परागण झाले की ती वाट बंद होते. फुलोऱ्याच्या वेळी आभाळ भरून राहिले, रिमझिम लागली आणि पराग धुऊन गेले, तर बुरशीला मोकळे रान मिळते. कणसावर आधी गुलाबी-पांढरे, मधासारखे चिकट थेंब दिसतात, त्यांवर मुंग्या आणि माश्या जमतात. मग दाण्याच्या जागी तपकिरी-काळे, वेडेवाकडे तुकडे टरारून येतात. ज्वारीवरचा असाच रोग शेतकरी ‘चिकटा’ म्हणून ओळखतात. हे नावही पाहिलेल्या गोष्टीवरून पडलेले.

हरकाची बाधा मात्र यात गोवू नये. कोकणात ज्याला हरीक म्हणतात तो कोद्रा कधी कधी खाणाऱ्याला गुंगी आणतो. ती अरगटाची करणी नव्हे. ओलसर दाण्यांवर वाढणाऱ्या दुसऱ्याच बुरशीच्या ‘सायक्लोपियाझोनिक’ आम्लाचा तो परिणाम. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये कोद्रा खाऊन दहा हत्ती मेले, तेव्हा प्रयोगशाळेत हेच द्रव्य सापडले. बुरशी लागलेले प्रत्येक धान्य अरगटाच्या एकाच पोत्यात भरले, तर उपायही चुकतो.

बाजरीपुरता उपाय साधा आहे आणि तो कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे, त्यात बियाणे सोडून ढवळावे. काळे तुकडे आणि पोचट दाणे हलके असतात, ते वर तरंगतात. ते काढून जाळून टाकावेत. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे आणि मगच पेरावे. नांगरट खोल करावी, म्हणजे गेल्या वर्षीचे तुकडे गाडले जातात. खाण्याच्या बाजरीत काळे, वेडेवाकडे तुकडे दिसले, तर ते निवडून काढल्याशिवाय गिरणीत टाकू नका. भाकरी कितीही भाजली तरी हे विष पुरते जात नाही. आणि घरात बाजरीच्या जेवणानंतर सगळ्यांनाच चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या, तर दवाखान्यात जाताना त्या बाजरीतली मूठभर बरोबर घ्या.